टक्कल झाकायचं सोडा, बाजूचे केस उतरवा

कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४४. पुढचे केस पस्तिशीच्या आतच मागे सरकले, मग भोवरा उघडा पडला. दोन्हींच्या मधे केसांचा एक पट्टा उरला होता, तोही गेल्या दोन वर्षांत गेला. कानांच्या वर आणि मागे मात्र केस दाट आहेत. डावीकडचे केस वाढवून ते वरून उजवीकडे नेतात आणि क्रीम लावून बसवतात. त्यांचा नेहमीचा सलूनवाला दर वेळी म्हणतो, "साहेब, गोटाच करून टाका." आई म्हणते, "वडील धडधाकट असताना गोटा करायचा नाही." दोन महिन्यांवर भाचीचं लग्न आलंय. मग आता काय करायचं?

मी एकतीस वर्षं पुण्यात खुर्चीमागे उभा आहे. आधी पेठेतल्या दुकानात वडिलांच्या हाताखाली, नंतर स्वतःच्या दुकानात. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, पण असा सरळ शब्दांत क्वचितच. माणूस खुर्चीत बसतो, आरशात बघतो आणि म्हणतो, "वरच्याला हात लावू नका, बाजूचे थोडे बारीक करा." या एका वाक्यात त्याची सगळी काळजी असते. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, म्हणून मीही हातचं न राखता सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. टक्कल डोळ्यात भरतं ते बाजूच्या दाट केसांमुळे. वरची कातडी उजळ आणि मोकळी, आणि तिच्या तिन्ही बाजूंनी दीड-दोन इंचांचं काळंभोर कुंपण. नजर त्या कुंपणावर अडकते आणि आतली मोकळी जागा मोजायला लागते. शिवाय ते केस बाहेरच्या बाजूला फुगतात, त्यामुळे डोकं कानांजवळ रुंद आणि वर चपटं दिसतं. हेच कुंपण तीन मिलिमीटरवर आणलं की काळ्याचा करडा होतो, वरचा आणि बाजूचा रंग एकमेकांच्या जवळ येतो, आणि डोक्याचा मूळचा गोल आकार दिसायला लागतो. वरचा एक केसही न वाढवता माणूस बदलतो. म्हणून माझ्याकडे कुणी "वर काय करायचं" विचारलं, की मी आधी बाजूचं काय करायचं ते बोलतो.

पुरुषांचे केस कसे जातात याची एक मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या हॅमिल्टन नावाच्या संशोधकांनी ती १९५१ साली मांडली आणि नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारली. तिच्यात सात पायऱ्या आहेत. पाचवीला पुढची मोकळी जागा आणि भोवऱ्याची मोकळी जागा यांच्यामध्ये केसांचा अरुंद पूल उरतो. सहावीला तो पूल तुटतो. सातवीला कानापासून कानापर्यंत मागून फक्त एक खालचा पट्टा राहतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही सहावीवर आहात. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या माणसाला जे कट शोभतात ते सहावीवरच्या माणसाने मोबाइलवर बघून मागितले, की दोघांचीही निराशा होते, त्याची आणि कापणाऱ्याचीही. चौथीवर कात्रीला काम असतं. वरचे केस इंचभर ठेवायचे, कात्रीच्या टोकाने थोडे खडबडीत करायचे, किंचित पुढे आणायचे, बाजू मशीनच्या दोन नंबरने, म्हणजे सहा मिलिमीटरवर, उतरवायच्या, छान दिसतं. सहावीवर कात्री जवळजवळ बाजूला ठेवायची. तिथे मशीनचं काम.

आता तुमच्या त्या डावीकडच्या बटेबद्दल.

मागे एक जण आले होते, बँकेत कामाला, साधारण तुमच्याच वयाचे. स्कूटर लावून आत आले, हेल्मेट काढलं आणि पहिला हात डोक्यावर. आपल्याकडे निम्मं शहर दुचाकीवर, त्यामुळे हे दृश्य मी रोज बघतो: हेल्मेट निघालं की आरशासमोर उभं राहून ती बट शोधायची, ओढायची, बसवायची. त्यांना मी बसवलं आणि पाण्याचा फवारा मारून सगळे केस विंचरून जिथले तिथे खाली सोडले. ती बट डाव्या कानावरून खाली जबड्याच्याही खाली आली. वीतभर लांब, आणि जेमतेम शंभरएक केस. त्यांनी आरशात ती बघितली आणि डोळे मिटून घेतले. मी ती कापली नाही. आधी उजवी बाजू दोन नंबरने उतरवली, मग मागचं, मग डावीकडचं बटेच्या खालचं. दहा मिनिटं गेली. बट तशीच लोंबत होती, पण आता आजूबाजूला कुंपण नव्हतं, त्यामुळे ती एकटी आणि परकी दिसायला लागली. मग मी कंगव्यावर ती उचलून धरली आणि विचारलं, "काढू?" ते म्हणाले, "काढा, काढा." कापल्यावर त्यांनी कपाळापासून मागेपर्यंत दोन्ही हात फिरवले, जसा आपण लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतो तसा. आज ते दर पंधरा दिवसांनी येतात आणि आल्यावर आरशात न बघता पेपर उघडतात.

हे सविस्तर सांगितलं कारण क्रम महत्त्वाचा आहे. बट आधी कापली तर माणसाला काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. बाजू आधी उतरवल्या तर बटेची गरजच संपते. तुमच्या सलूनवाल्याला हा क्रम सांगा.

सलूनमध्ये नेमकं काय मागायचं? मशीनच्या गार्डचे, म्हणजे पात्यावर बसवायच्या कंगव्यांचे, नंबर बहुतेक ठिकाणी सारखे असतात: अर्धा नंबर म्हणजे दीड मिलिमीटर, एक म्हणजे तीन, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे साधारण दहा, चार म्हणजे साधारण तेरा. तुमच्यासाठी पहिल्या बैठकीला वर जे काही विरळ असेल त्याला दोन नंबर, बाजू आणि मागे एक नंबर, आणि कानाभोवती व मानेवर शेवटचं बोटभर अर्धा. बाजू वरपेक्षा लांब नको, शक्यतो आखूडच, हा नियम कधी मोडू नका. दोन्ही सारखे ठेवले तरी चालेल, पण बाजू वरपेक्षा लांब ठेवली की कुंपण परत उभं राहिलं. एक नंबर आणि दोन नंबर जिथे मिळतात तिथे रेघ दिसता कामा नये. ती पुसायला पाच मिनिटं जास्त लागतात. घाईच्या रविवारी जाऊ नका, मंगळवारी-बुधवारी दुपारी जा, म्हणजे ती पाच मिनिटं मिळतील.

कपाळाच्या अगदी मधोमध पुढे काही जणांचा एक छोटा झुपका टिकून असतो, बेटासारखा. तो जिवापाड जपला जातो. तो लांब ठेवला की मागची मोकळी जागा जास्तच उघडी वाटते. बाकीच्या डोक्याबरोबर तोही दोन किंवा एक नंबरवर आणा. मग तो नुसती सावली होऊन राहतो आणि ती सावली उपयोगाची असते, कपाळ कुठे संपतं ते सांगते. भोवऱ्याचंही तसंच. तिथले केस गोल फिरत उगवतात, लांब असले की चक्रासारखे उलगडतात आणि मधली कातडी दाखवतात. आखूड असले की उभे राहतात. तिथे मशीन एकाच दिशेने ओढून चालत नाही, केसांच्या उलट गोल गोल फिरवावी लागते. कापून झाल्यावर मागचा आरसा मागून घ्या आणि भोवऱ्याजवळ चट्टे राहिलेत का ते स्वतः बघा.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका: वस्तऱ्याने कपाळावर सरळ रेघ आखून घेणं. दाट केसांच्या पोरांना ती शोभते. विरळ केसांवर ती शाईने काढल्यासारखी दिसते आणि चार दिवसांत खाली खुंट आले की अजून वाईट. मानेवरही चौकोनी लाइन न मारता केस हळूहळू कमी होत कातडीत मिसळू द्या.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे एक नंबरचं डोकं आठ-दहा दिवसांत दोन नंबरचं होतं आणि तीन आठवड्यांत परत कुंपण दिसायला लागतं. केस कमी म्हणून कटिंगला कमी जायचं, हा हिशेब इथे उलटा होतो. दाट केसांचा माणूस महिना-दीड महिना खेचतो. तुम्ही दर बारा-पंधरा दिवसांनी मशीन फिरवायला हवी. दर वेळी सलूनमध्ये जाणं जमत नसेल तर घरी एक बरी मशीन घ्या, एकदा सलूनमध्ये नीट आकार देऊन घ्या आणि मधल्या वेळी घरी तेच गार्ड फिरवा. माझं गिऱ्हाईक थोडं कमी होईल, पण तुमचं डोकं नीटनेटकं राहील. मानेचा भाग घरच्या कुणाला तरी करायला सांगा, स्वतःच्या मानेवर अंदाजाने मशीन चालवू नका.

आता आईचं म्हणणं. ते मी कधीच उडवून लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. आपल्या घरांतून वडील गेल्यावर मुलगा डोकं आणि मिशी उतरवतो. गुळगुळीत डोकं बघितलं की शेजारपाजारचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, "घरी काही झालं का?" वडील समोर बसून चहा पीत असताना तो प्रश्न आईच्या कानावर पडावा असं कुणाला वाटेल? पण गोटा म्हणजे वस्तऱ्याने कातडीपर्यंत केलेलं डोकं. एक नंबर म्हणजे गोटा नाही, केस आहेत, फक्त बारीक आहेत. आणि मिशी ठेवली, किंवा मिशी-दाढी दोन्ही ठेवली, तर तो अर्थ कुणी काढत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एक तरुण आईला घेऊनच आला. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली, तोंड दुसरीकडे करून. काम झाल्यावर तो तिच्यापुढे जाऊन वाकला. तिने टाळूवरून तळवा फिरवला, परत एकदा उलटा फिरवला आणि म्हणाली, "टोचतंय की. म्हणजे केस आहेत." तिथे विषय संपला. तुम्हीही आईला आधी सांगा, समोर बसवून सांगा. लपवून करून घरी जाऊ नका.

ज्यांना पुढे जाऊन पूर्ण वस्तरा फिरवायचा आहे त्यांनाही मी एकदम करू देत नाही. दोन नंबर, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा, मग झिरो मशीन, म्हणजे गार्ड न लावता, आणि तरीही मन होत असेल तर वस्तरा. दीड-दोन महिने लागतात. ऑफिसला, घराला आणि मुख्य म्हणजे स्वतःला सवय होते, आणि कुठल्या पायरीला थांबायचं ते आपोआप कळतं. माझ्या अनुभवात बरेच जण एक किंवा अर्ध्यावरच थांबतात. तुम्हीही तिथेच थांबावं असं मला वाटतं.

डोकं उतरवण्याआधी ते हातांनी तपासायला हवं, आणि हे मी एका चुकीतून शिकलो. धंद्यात मला आठ-नऊ वर्षं झाली असतील. एक पंचविशीचा मुलगा आला, म्हणाला झिरो मारा. मी कपाळापासून मशीन लावली ती सरळ मागे नेली. मागे डाव्या बाजूला तीन बोटं रुंद जुनी जखमेची खूण निघाली. त्याला ती खूण आहे हे माहीतच नव्हतं, कधी दिसलीच नव्हती. मागचा आरसा दाखवल्यावर तो काही बोलला नाही, पैसे देऊन निघून गेला आणि परत आला नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी आधी दोन्ही हातांची बोटं केसांत घालून सगळं डोकं चाचपतो: खुणा, उंचवटे, चामखीळ, मागचा चपटेपणा. खूण सापडली तर गिऱ्हाईकाला सांगतो आणि तिथे दोन नंबरच्या खाली जात नाही. मागचं डोकं सपाट असेल तर मागे दोन नंबर आणि बाजूला एक. तेवढी गोलाई सुद्धा बाजूने बघताना फरक करते. कान बाहेर आलेले असतील तर कानाच्या वर अर्धा नंबर नको, एक-दोनच बरा.

याच ठिकाणी अजून एक विचारून ठेवतो. केसांचं प्रत्यारोपण करून घेतलंय का, किंवा करायचा विचार आहे का? प्रत्यारोपणात केस मागच्या दाट पट्ट्यातून घेतात. पट्टी काढून केलं असेल तर मागे कानापासून कानापर्यंत आडवी रेघ राहते. एकेक मूळ वेचून केलं असेल तर बारीक पांढरे ठिपके राहतात. केस लांब असताना काहीच दिसत नाही, झिरोला सगळं दिसतं. सहाव्या-सातव्या पायरीवर मागचा साठा मर्यादित आणि वरची जागा मोठी, हा हिशेब डॉक्टरांकडून नीट समजून घेतल्याशिवाय पैसे भरू नका. औषधांचंही तेच: मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही दोन औषधं तपासलेली आहेत, पण ती उरलेले केस टिकवायला जास्त उपयोगी पडतात, वर्षानुवर्षं गुळगुळीत असलेल्या जागेवर त्यांच्याकडून फार आशा धरू नये. आणि ती त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यायची, सलूनवाल्याच्या सांगण्यावरून नाही. केस एकाएकी गोल चकत्यांनी गेले, म्हणजे चाई पडली, किंवा खाज, खपल्या, पू असं काही असेल तर कटचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

गोटा केल्यावर केस दाट येतात, हे मला रोज ऐकायला मिळतं. येत नाहीत. मूळ कातडीच्या आत आहे, वस्तरा त्याला शिवत सुद्धा नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, एवढंच. तसंच सोसायटीत टँकरचं पाणी यायला लागल्यापासून केस गेले, असंही बरेच जण सांगतात. जड पाण्याने केस राठ होतात, विंचरताना तुटतात, हे मी रोज हाताने अनुभवतो. पण पुढून आणि भोवऱ्यावरून ठरावीक पद्धतीने गेलेले केस पाण्याने गेलेले नसतात. तो आनुवंशिकतेचा आणि हार्मोनचा भाग आहे. वडिलांचं, मामांचं डोकं बघा, बहुतेक वेळा तिथे उत्तर मिळतं.

दाढीकडे वळतो. वरचे केस गेले की चेहऱ्याला वरची चौकट राहत नाही. मग ते काम भुवया, चष्मा आणि दाढी करतात. म्हणून सहाव्या पायरीवरच्या माणसाला मी दाढी ठेवायचा आग्रह करतो, दाट येत असेल तर. फार लांब नको, बाजूला चार-सहा मिलिमीटर, हनुवटीवर थोडी जास्त. चेहरा गोल असेल तर बाजू अजून बारीक आणि हनुवटीवर इंचभरापर्यंत. चेहरा लांबट असेल तर हनुवटीवर वाढवू नका, बाजूला थोडी भरीव ठेवा. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कल्ले. वर एक नंबर आणि खाली जाड दाढी, मधे काहीच उतार नाही, असं असलं की चेहऱ्याभोवती पट्टा बांधल्यासारखा दिसतो. कानाच्या वरच्या टोकापाशी अर्धा नंबर, कानाच्या मध्यावर एक, पाळीपाशी दोन, आणि तिथून खाली दाढीची पूर्ण लांबी, असा उतार करून घ्या. चाळिशीनंतर कानातले केस आणि भुवयांतले लांब उभे केसही त्याच बैठकीत काढायला सांगा. डोकं आखूड असताना ते फार उठून दिसतात. दाढी विरळ येत असेल तर नुसती नीट कापलेली मिशी, आणि चष्मा असेल तर जरा ठळक फ्रेम.

रंग लावत असाल तर काळाभोर बंद करा. हे मी कळकळीने सांगतो, कारण यात माझंही उत्पन्न आहे आणि तरी सांगतोय. कुंपणाचा काळेपणा कमी करायचा म्हणून आपण ते आखूड केलं. त्यालाच परत डांबरासारखा रंग दिला तर सगळं पाण्यात. पिकलेले केस तुमच्या बाजूने काम करतात, कारण पांढऱ्या-करड्या केसांचा आणि कातडीचा फरक कमी असतो. रंग हवाच असेल तर गडद तपकिरी, आणि दाढीला डोक्यापेक्षा एक छटा फिका. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबून बघितल्याशिवाय नवा रंग लावू नका. काळ्या रंगातल्या रसायनाने डोळे सुजलेली माणसं मी बघितली आहेत.

तेल रात्री लावा, सकाळी धुऊन टाका. दिवसा तेल किंवा जेल लावलं की विरळ केस चार-चार एकत्र चिकटतात आणि मधे कातडीच्या वाटा पडतात. केसांवर शिंपडायची जी पावडर मिळते ती आजूबाजूला केस असतील तरच धरते. मोकळ्या कातडीवर ती नुसता काळा थर होते, आणि जुलैत पाषाण ते स्वारगेट गाडीवर आलात की कॉलरवर उतरते. पॅच, म्हणजे टाळूवर चिकटवायचा केसांचा तुकडा, लावणारेही माझ्याकडे येतात. ज्यांना तो हवा आहे त्यांना मी अडवत नाही, पण दर तीन-चार आठवड्यांनी काढून साफ करून परत चिकटवायचा, हेल्मेटखाली घाम, एप्रिल-मेमधली आग, हे सगळं घेण्याआधी विचारात घ्या.

वस्तरा फिरवणार असाल तर ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर वेष्टणातून काढलेलं हवं. डोक्याची कातडी सहज कापली जाते, आणि एका ब्लेडवरून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही असे आजार पसरू शकतात. मागायला लाजू नका. चांगला कारागीर तुम्ही मागायच्या आधीच समोर ब्लेड मोडेल. आधी झिरो मशीन, मग गरम टॉवेल, मग फेस, आणि वस्तरा केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने. मानेच्या मागे ज्यांना सारखे पुरळ किंवा गाठी येतात त्यांनी तिथे वस्तरा अजिबात लावू नये, मशीनवर थांबावं. आणि ऊन: वर्षानुवर्षं बटेखाली झाकलेली कातडी पहिल्यांदा उघडी पडली की कपाळ सावळं आणि टाळू फिकट, असे दोन रंग दिसतात. दोन-तीन आठवड्यांत ते बरेच मिळून येतात. तोवर आणि नंतरही दुपारी बाहेर पडताना टाळूला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा किंवा टोपी घाला. सकाळी सिंहगडावर जाणाऱ्यांनी तर नक्कीच, वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी टाळू लाल होते.

आता लग्न. भाचीचं लग्न म्हणजे तुम्ही मामा. मंगलाष्टकांना मुलीच्या मागे तुम्हीच उभे राहणार, म्हणजे अंतरपाट दूर होतानाच्या प्रत्येक फोटोत तुमचं डोकं असणार, आणि वरून दिव्यांचा झोत. म्हणून लग्नाच्या आठवड्यात पहिला प्रयोग करू नका. हातात आठ आठवडे आहेत असं धरतो. या आठवड्यात वर सांगितलेला कट, वर दोन, बाजूला एक, बट काढायची. दाढी त्याच दिवसापासून वाढवायला घ्या, महिन्याभरात ती आकार द्यायच्या लांबीची होईल. दोन आठवड्यांनी वरही एक नंबर, बाजूला अर्धा. मग दर पंधरवड्याला तेच. तोपर्यंत टाळूचा रंगही मिळून येईल. शेवटचा हात लग्नाच्या तीन दिवस आधी, आदल्या दिवशी नाही. तीन दिवसांत कडा मऊ होतात आणि कट ताजा ताजा दिसत नाही. हळदीच्या दिवशी बहिणी टाळूला हळद फासणारच. आधी तिथे खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा, म्हणजे हळद सहज निघेल, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोटोत पिवळी टाळू येते. मांडवात खिशात एक साधा सुती रुमाल असू द्या, चमक वाढली की टिपायचा, घासायचा नाही.

आणि फेटा. गुळगुळीत वस्तरा केलेल्या डोक्यावर फेटा सरकतो, घाम आला की जास्तच; एक नंबरचे खुंट कापड धरून ठेवतात. बांधणाऱ्याला सांगा की कपाळावर दोन बोटं खाली घेऊन बांध आणि फार आवळू नको, आखूड केसांवर वळ उठतो आणि काढल्यावर तासभर दिसतो. जेवणाच्या पंगतीला बसायच्या आधी काढून ठेवलात तरी चालेल. टाळू टिपली आणि हात फिरवला की झालं.